गरुडाचा मॉनिटर

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. मी परदेशातून मॉनिटर मागवला तेव्हा माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. हे मी बायकोला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या सचिवांना सांगितलं, वरच्या नर्सबाईंना सांगितलं, आणि कस्टम्सच्या खिडकीतल्या बाईंना तर त्यांनी न विचारताच सांगितलं. एवढ्या लोकांना सांगितलं म्हणजे ते खरं असणारच, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

मोबाईल वाचताना मला हात थोडा लांब धरावा लागायचा, हे कबूल. पण तो हाताचा प्रश्न होता. सुईत दोरा ओवायला अलीकडे वेळ लागायचा, पण हल्लीच्या सुयांना भोकंच नीट पाडत नाहीत, हे कोणीही सांगेल.

मी पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा शाखेत आहे. शहराच्या पोटातून कुठला नळ कुठून निघून कुठे जातो, कुठे वळतो, कुठे त्याला दुसरा येऊन मिळतो, हे कागदावर काढणारे आम्ही आठ जण. एकतीस वर्षं झाली. ट्रेसिंग पेपरच्या काळात मी पेनाने इतकं बारीक लिहायचो, की आमचे तेव्हाचे साहेब माझी अक्षरं भिंग घेऊन वाचायचे आणि मी शेजारी उभा राहून ती भिंगाशिवाय वाचून दाखवायचो. त्यांनीच माझं नाव ‘गरुड’ ठेवलं. ते निवृत्त झाले, भिंग कोणीतरी घरी नेलं, नाव मात्र राहिलं. अजूनही आमचा शिपाई ‘गरुडसाहेबांचा बिनसाखरेचा’ असं म्हणत चहा ठेवतो. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला पूर्ण कचेरी गरुड म्हणते त्याने चष्म्याच्या दुकानात पाय ठेवायचा कसा?

तर झालं असं, की नव्या साहेबांनी आम्हा आठ जणांना बोलावलं आणि सांगितलं की कागद आता बंद. सगळे नकाशे कॉम्प्युटरवर चढलेत, शाखेत नवे, भारी रिझोल्यूशनचे मॉनिटर बसणार आहेत. येत्या पंचवीस तारखेला एक छोटीशी चाचणी. प्रत्येकाने त्या मॉनिटरवर एक नकाशा बघायचा आणि त्यातल्या पाच चुका वीस मिनिटांत शोधायच्या.

“आणि नाही सापडल्या तर?” पट्टीने विचारलं. पट्टी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. चालतो ताठ, बोलतो ताठ, म्हणून पट्टी.

“तर आवक-जावकला जागा आहे,” साहेब म्हणाले.

आवक-जावकमध्ये आलेल्या पत्रावर एक शिक्का मारतात आणि गेलेल्या पत्रावर दुसरा. काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एकतीस वर्षं माणसाने या गावच्या जमिनीखालचं पाणी डोक्यात बाळगायचं आणि शेवटची चार वर्षं शिक्के मारायचे, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझी ती खुर्ची, उत्तरेकडच्या खिडकीजवळची, जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो माझ्यापुरता फार मोठा होता.

घरी सराव करायचा ठरवला. आमच्या घरी एक मॉनिटर होता. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेने मोडीत काढला तेव्हा तो आमच्याकडे आला. त्याच्यावर मी नकाशा उघडला तर सगळ्या नळांचा मिळून गुंतलेला दोरा दिसला. पुढे सरकून पाहिलं, मागे सरकून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. दोरा दोराच राहिला.

“मॉनिटर गेला,” मी जाहीर केलं.

बायको पलीकडे वह्या तपासत बसली होती. तिचा चष्मा जांभळ्या फ्रेमचा आहे, काड्यांवर बारीक बारीक फुलं, आणि हरवू नये म्हणून गळ्यात मण्यांची साखळी. तिने वहीतून मान वर न काढता म्हटलं, “अहो, एकदा डोळे दाखवून या.”

“कोणाचे?”

“माझे दाखवून झालेत.”

या घरात माझ्या मताला किती किंमत आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी त्याच दिवशी नवीन मॉनिटर घ्यायचा निश्चय केला.

निश्चय एकट्याने केला तरी खरेदी एकट्याला करू देईल अशी आमची इमारत नाही. सचिवांना जिन्यात कळलं. हे सचिव म्हणजे आमच्या इमारतीच्या मंडळाचे. त्यांच्याकडे एक ड्रिल मशीन आहे, एक शिडी आहे आणि प्रत्येक वस्तूबद्दल एक मत आहे. “मॉनिटर घेताना वजन बघा,” ते म्हणाले. “जड असला की आतला माल खरा. हलक्याला हात लावू नका.” वरच्या नर्सबाई चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात होत्या. त्यांनी मला आधी उजेडाकडे तोंड करायला लावलं, मग खालची पापणी ओढून पाहिली आणि “मॉनिटर काय करणार आहे तुम्हाला?” असं विचारून पिशवी घेऊन वर निघून गेल्या. मला ते बोलणं लागलं. मी पापणी ओढायला परवानगी दिली नव्हती.

दुकानांतले चांगले मॉनिटर आमच्या ऐपतीबाहेरचे. मग इंटरनेटवर शोधता शोधता मला तो सापडला. परदेशातला, भलं थोरलं रिझोल्यूशन, आणि स्वस्त. स्वस्त का, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: मोठमोठ्या कंपन्या जी काच घेतात तीच ही काच, फक्त कुठेतरी टिचभर खोट निघाली म्हणून बाजूला काढलेली, साध्या खोक्यात बसवून विकलेली, वर कोणाचं नाव नाही. मला हे फार आवडलं. गुण असून नाव नसलेल्यांबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अतिशय स्पष्ट. डोळ्यांना आराम.’ खाली चार ओळींची बारीक नक्षी होती. ती नक्षी नव्हती, मजकूर होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पैसे भरले आणि विकणाऱ्याचा मराठीत निरोप आला. त्याच्याकडचं कुठलं तरी यंत्र भाषांतर करत असावं. “प्रिय मित्रा, तुझा पडदा निघाला आहे. कृपया शांत हृदयाने थांब.” इतकं प्रेमाने आमच्या खात्यात कधी कोणी बोललेलं नाही. मी तो निरोप बायकोला वाचून दाखवला. हात लांब धरून.

शांत हृदयाने नऊ दिवस थांबलो. दहाव्या दिवशी कस्टम्सकडून पत्र आलं: आपला माल अडवण्यात आला आहे, समक्ष यावे.

त्या कचेरीत एक लांब बाक होता, एक पंखा होता जो फक्त खिडकीपलीकडच्या बाईंवर फिरत होता, आणि भिंतीला टेकवलेली खोकी होती. त्यातलं एक माझं असणार या विचाराने मी प्रत्येकाकडे मायेने बघत होतो. नंबर आला.

“टीव्ही आहे का हा?” बाईंनी विचारलं.

“नाही. मॉनिटर.”

“यात कार्यक्रम दिसतात?”

“नाही.”

“बातम्या?”

“नाही हो. आपोआप काहीच दिसत नाही.”

“मग तसं लिहून द्या.”

मी सरकारी नोकर आहे, लेखी मागितल्यावर माझा हात आपसूक चालतो. ‘सदर पडद्यावर आपोआप काहीही दिसत नाही’ असं लिहून सही केली. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मग घेताय कशाला?” मी त्यांना चाचणी, खुर्ची, उत्तरेकडची खिडकी, सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही हेही सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “वाचून योग्य त्या चौकोनात सही करा.”

फॉर्मवर तीन चौकोन होते. प्रत्येकाच्या वर मुंग्यांची एकेक रांग. मागे बाकावर वीस माणसं बसलेली. त्यांच्यासमोर कागद हातभर लांब धरून वाचायचा म्हणजे आब गेला. एकतीस वर्षं मी खात्याचे फॉर्म भरतोय, महत्त्वाची सही नेहमी उजवीकडे खाली असते. मी उजवीकडे खाली ऐटीत सही ठोकली आणि बाहेर पडलो.

आठ दिवस खोकं आलं नाही. चौकशीला गेलो तर त्याच बाई. त्यांनी फाईल काढली. “साहेब, तुम्ही माल नाकारलाय.”

“मी?”

“ही सही तुमची ना? ‘माल नको, परत पाठवावा.’ परतीच्या गाडीत चढलाय तो.”

“अहो, किती बारीक छापता फॉर्म,” मी म्हणालो.

“हा मोठ्या अक्षरातला आहे,” त्या म्हणाल्या. “ज्येष्ठांसाठी काढलाय.”

मग माल नाकारल्याचं नाकारण्याचा अर्ज. त्याला नमुना नव्हता, कारण तोवर असं कोणी केलं नव्हतं. बाईंनी तीन ठिकाणी फोन केले, खोकं गाडीतून उतरवलं, आणि या वेळी सहीच्या जागी पेन्सिलीने स्वतः फुली मारून दिली. त्या फुलीने मी ओशाळलो. आभार मानले, पण जरा खाली बघूनच. विकणाऱ्याला हे सगळं कळवलं तर त्याचं उत्तर आलं, “प्रिय मित्रा, जे तुझे आहे ते परत येते.”

एकोणीस तारखेला खोकं घरी आलं. चाचणीला सहा दिवस. सचिवांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि “हलका आहे” असं म्हणून बाजूला ठेवलं. उघडलं तर आत मॉनिटर, एक वायर, आणि बाकी सगळा थर्माकोल. उभं राहायला पाय नाही. वायरच्या टोकाला असा प्लग, की आमच्या कुठल्याही भिंतीत तो शिरेना. मी विकणाऱ्याला खरमरीत लिहिलं. त्याने प्रेमाने कळवलं की पाय नाही, भिंतीवर टांगावा लागेल आणि प्लग बदलावा लागेल, हे सगळं पानावर खाली बारीक अक्षरांत दिलं आहे, प्रिय मित्राने वाचलेच असेल.

प्लग सचिवांनी बदलून दिला. टांगण्यासाठी लोखंडी ब्रॅकेटही त्यांनीच आणला. राहिली भिंत.

“कोणाला तरी बोलवू या,” बायको म्हणाली. “भिंतीत काय काय असतं.”

इथे मला थोडं सांगायला हवं. आमची इमारत नवी होती तेव्हा तिच्यातल्या सगळ्या नळांचा नकाशा मी काढला होता. कोणी सांगितला नव्हता. हौस म्हणून काढला आणि मंडळाला भेट दिला. बावीस वर्षं तो चौकटीत घालून जिन्याखाली मीटरांच्या शेजारी टांगलेला आहे. या इमारतीत कोणाचाही नळ ठिबकला की लोक त्या नकाशासमोर येऊन उभे राहतात. मी येता-जाता ते बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. तेव्हा माझ्याच घरातल्या भिंतीत काय आहे हे विचारायला मी बाहेरचा माणूस बोलवायचा, हे जरा अतीच होत होतं.

“या इमारतीतला प्रत्येक नळ माझ्या हाताखालून गेलाय,” मी म्हणालो. तरी पद्धत म्हणून टॉर्च घेऊन खाली गेलो. नकाशा पाहिला. आमच्या बैठकीच्या खोलीची ती भिंत मला स्वच्छ, कोरी दिसली. बाजूला काहीतरी पुसट डाग होता. बावीस वर्षांची धूळ, मी म्हटलं.

रविवारी सकाळी सचिव ड्रिल घेऊन आले. नर्सबाई बघायला आल्या. बायकोने मॉनिटर पलंगावर ठेवून त्याच्यावर गादी टाकली. “तेवढंच आपलं समाधान,” ती म्हणाली.

“नकाशात बघितलंत ना?” सचिवांनी ड्रिल माझ्या हातात देताना विचारलं.

“मी काढलाय तो,” मी म्हणालो, आणि भोक पाडलं.

पहिल्यांदा जो आवाज आला तो विटेचा नव्हता हे मला कळलं होतं. पण हात थांबेपर्यंत उशीर झाला. भिंतीतून जे पाणी आलं ते माझ्या छातीवर बसलं, मग सचिवांच्या चेहऱ्यावर, मग समोरच्या भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोवर. मी दोन्ही तळवे भोकावर दाबले तर बोटांमधून पाच धारा निघाल्या. नर्सबाईंनी जखम बांधायच्या सवयीने टॉवेल दाबून धरला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. सचिव चष्मा पुसत खाली धावले आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. क्षणभराने सगळं शांत झालं. मग वरून, खालून, शेजारून एकेक दार उघडलं आणि एकेक आवाज आला, “पाणी गेलं का हो?”

तास-दीड तासाने प्लंबर आला. त्याला नळ कुठून येतो ते हवं होतं, म्हणून सचिवांनी चौकट उतरवून वर आणली. आमच्या बैठकीत तोवर निम्मी इमारत जमली होती, हातात रिकाम्या बादल्या घेऊन. प्लंबरने काचेवर हात फिरवला, खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला, आणि आमच्या भिंतीवर बोट ठेवलं.

“हा बघा, मुख्य नळ इथनंच वर जातो. बाजूला लिहिलंय पण.” आणि त्याने मोठ्याने वाचलं: “‘या भिंतीत मुख्य नळ आहे. कोणीही, कोणत्याही कारणास्तव, येथे भोक पाडू नये.’” तो थांबला. “खाली सही आहे. अक्षर काय सुरेख आहे हो.”

ते अक्षर माझं होतं. सही माझी होती. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द लिहिताना मला किती बरं वाटलं होतं तेसुद्धा आठवलं. बादलीवाले सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या अंगातून पाणी गळत होतं. आयुष्यात इतकं ओशाळवाणं मला कधी वाटलं नव्हतं. 

“चूक माझी आहे,” बायको म्हणाली. “हे नको नको म्हणत होते. मीच म्हटलं, मला जागा तीच हवी. तुम्ही बसा सगळे, मी चहा टाकते.” मग तिला आठवलं की पाणी नाही. “पाणी आलं की टाकते.”

ती खोटं बोलत होती हे सचिवांना माहीत होतं, नर्सबाईंना माहीत होतं. सचिव फक्त “बरोबर आहे, जागा छानच आहे” एवढं म्हणाले आणि फरशी पुसायला लागले. त्या माणसाबद्दल मी आजवर जे काही बोललो असेन ते मागे घेतो.

मंगळवारी दुसऱ्या भिंतीवर, प्लंबरने स्वतः पाडलेल्या भोकांत, मॉनिटर टांगला गेला. तेवीस तारीख. मी सुरू केला. काच खरोखर सुंदर होती, खोट कुठे होती ते मला तरी सापडलं नाही. नकाशा उघडला. शाळेच्या मॉनिटरवर निदान दोरा होता. इथे तर मोहरी सांडली होती. सगळं गाव त्या पडद्यावर मावलं होतं आणि सगळं गाव मिळून मला एकही अक्षर वाचू देत नव्हतं. मी विकणाऱ्याला लिहिलं की अक्षरं फार लहान आहेत. तो म्हणाला, “प्रिय मित्रा, पडदा जितका चांगला, तितके अक्षर लहान. हा दोष नाही, हा गुण आहे.”

मी खुर्चीत बसून राहिलो. आवक-जावकचे दोन शिक्के डोळ्यांसमोर दिसायला लागले. तेवढे मात्र स्पष्ट दिसत होते. बायको मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला तिला पूर्ण हक्क होता.

गळ्यातली मण्यांची साखळी तिने डोक्यावरून काढली आणि जांभळा चष्मा मागून माझ्या नाकावर ठेवला.

मोहरीचे नळ झाले. नळांच्या बाजूला आकडे उमटले, आकड्यांच्या बाजूला तारखा. एका कोपऱ्यात माझ्या हातची वेलांटी दिसली, कागदावरून जशीच्या तशी चढवलेली. गाव परत आलं. मी तिच्याकडे वळलो, आणि ती इतकी जवळ होती की तीही स्वच्छ दिसली. कानाजवळचे केस पांढरे झालेले. नुसते एक-दोन नाहीत, चांगली बोटभर पट्टी.

“हे कधी झालं?” मी विचारलं.

“तीन वर्षं झाली.”

“मला सांगितलं नाहीस.”

“मला वाटलं, तुम्ही चांगुलपणाने काही बोलत नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्म्याच्या दुकानात गेलो. डोळे तपासणारा तरुण डॉक्टर म्हणाला, नंबर आजचा नाही, निदान सात-आठ वर्षांचा आहे, इतके दिवस काय करत होतात? मी म्हटलं, हात लांब करत होतो. चष्मा तीन दिवसांनी मिळेल म्हणाला. चाचणी उद्यावर आलेली.

“माझा घेऊन जा,” बायको म्हणाली.

“आणि तू?”

“एक दिवस काय. वह्यांचा गठ्ठा आहे, पण मुलांची अक्षरं मला पाठ आहेत.”

पंचवीस तारखेला मी नव्या मॉनिटरसमोर बसलो, खिशातून तो चष्मा काढला आणि लावला. फुलं बाहेरच्या बाजूला. मण्यांची साखळी दोन्ही खांद्यांवर. शाखेत इतकी शांतता मी एकतीस वर्षांत ऐकली नव्हती. शिपाई चहा घेऊन आला, माझ्याकडे बघून थबकला, आणि त्या दिवशी काही न म्हणता पेला ठेवून गेला. होऊ दे म्हटलं. मी नकाशा बघायला लागलो.

अकरा मिनिटांत मी सहा चुका लिहून दिल्या.

साहेब उत्तरांचा कागद घेऊन आले. कागद जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. “उजेड कमी आहे इथे,” ते म्हणाले. उत्तरेची खिडकी, भर दुपार. ती लांबी माझ्या ओळखीची होती. शेवटी ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “तुमचं झालं असेल तर... जरा बघू तो.”

साहेबांनी जांभळा चष्मा लावून उत्तरं तपासली. “पाच बरोबर. ही सहावी माझ्याकडे नाही. कुठून आली?”

“ती माझी आहे साहेब,” मी म्हणालो. “एकोणतीस वर्षांपूर्वी त्या नळाचं वळण मीच चुकीचं काढलंय. आज दिसलं.”

साहेबांनी माझ्याकडे त्या फुलाफुलांच्या चष्म्यातून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “तुम्ही त्या खुर्चीतून उठायचं नाही.”

ते गेले तशी पट्टीने मान वळवली. इतकी वर्षं ताठ असलेली ती मान पहिल्यांदा वाकलेली पाहिली. “गरुडा,” तो कुजबुजला, “सहा मिनिटं उरलीत रे. देतोस?” त्याच्यानंतर तो चष्मा आणखी चार टेबलांवर फिरला, आणि साहेबांनी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. आठांतले सहा. आणि साहेब धरून सात. इतकी वर्षं आम्ही सगळे एकमेकांसमोर लांब हात करून बसत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला सगळं दिसतंय. आवक-जावकला कोणीच गेलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर बायको नव्या मॉनिटरखाली बसली होती. समोर अडतीस वह्यांचा गठ्ठा, तपासून संपलेला. मी चष्मा तिच्या गळ्यात परत घातला आणि खुर्ची राहिली असं सांगितलं. ती हसली, “राहणारच होती” म्हणाली, आणि चष्मा लावून सहज वरची वही उघडून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी.

प्रत्येक वहीत, शेवटच्या पानावर, तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘छान.’ अडतीसच्या अडतीस. ज्याने गणितं सोडवलीच नव्हती, नुसतं एक विमान काढलं होतं, त्यालाही.

“उद्या परत तपासशील?” मी विचारलं.

तिने विमान जरा निरखून पाहिलं आणि वही मिटली.

“नाही. ते खरंच छान आहे.”